अर्ज हातात असताना हात कसे जोडायचे?

सरकारी सभेआधी प्रार्थना असावी का, यावरच्या एका अमेरिकी खटल्यातलं ग्रीस म्हणजे युरोपातला देश नव्हे. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, रॉचेस्टर शहराला लागून, ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर ग्रीस नावाचं एक नगर आहे. लोकसंख्या खटल्याच्या वेळी सुमारे ९४,०००. आपल्याकडे असतं तर 'ब' वर्ग नगरपरिषद झाली असती. महिन्यातून एकदा तिथल्या नगर मंडळाची सभा भरते. रस्ते, परवाने, जमीन वापरातले बदल, पोलिसांच्या नेमणुका असे विषय असतात, आणि ऐकायला, बोलायला, मागायला नागरिक येतात. मी २२ वर्षं एका नगरपरिषदेच्या सभा शाखेत होते. विषयपत्रिका काढणं, सभेची नोटीस बजावणं, गणपूर्ती मोजणं, रात्री घरी बसून इतिवृत्त पुरं करणं हे माझं काम. त्यामुळे 'टाउन ऑफ ग्रीस विरुद्ध गॅलोवे' हा खटला मी वाचला तो सभा लिपिकाच्या नजरेनं. वकील जिथे भरभर पुढे जातात तिथेच मी अडकले. सभेत आधी काय होतं, नंतर काय होतं, कोण कुणाकडे तोंड करून उभं असतं, या गोष्टींवर.

१९९९ पर्यंत ग्रीसची सभा काही क्षणांच्या मौनानं सुरू होत असे. पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट कडेला पडली. माझ्या मते तीच मध्यभागी असायला हवी होती, म्हणून आधी सांगून ठेवते.

१९९९ मध्ये नगरप्रमुख होते नुकतेच निवडून आलेले जॉन ऑबर्गर. त्याआधी ते काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, विधिमंडळात होते आणि तिथे कामकाजाआधी होणारी प्रार्थना त्यांच्या मनाला भावली होती. ती प्रथा त्यांनी नगर मंडळात आणली. नवा क्रम असा ठरला: सदस्यांची हजेरी, मग राष्ट्रध्वजाप्रती निष्ठेची प्रतिज्ञा, मग परिसरातले एक धर्मगुरू पुढे येऊन प्रार्थना म्हणणार. प्रार्थना झाली की नगरप्रमुख त्यांचे 'महिन्याचे धर्मगुरू' म्हणून आभार मानणार आणि एक स्मृतिचिन्ह देणार. त्यानंतर विषयपत्रिका.

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. सदस्यांचं मन गंभीर व्हावं, भांडणं बाहेर ठेवून विचार व्हावा, ही इच्छा कुठल्याही सभागृहाच्या पीठासीन माणसाला असते. पण धर्मगुरू निवडायची रीत बघा. नगर कार्यालयातली एक कर्मचारी स्थानिक सूचीतून प्रार्थनास्थळांचे नंबर काढायची आणि एकेकाला फोन लावायची. या महिन्यात यायला कोण मोकळं आहे, एवढाच प्रश्न. पुढे पुढे, जे येतात त्यांचीच एक यादी तयार झाली. मानधन नव्हतं, प्रार्थनेचा मजकूर आधी दाखवायची अट नव्हती, कुणी मागितलं आणि नाकारलं अशी नोंदही नव्हती. नगराचं म्हणणं होतं की कुणीही येऊन प्रार्थना म्हणू शकतो, अगदी निरीश्वरवादीसुद्धा. फक्त हे म्हणणं नगरातल्या लोकांना कुणी कळवलं नव्हतं.

सूचीत जवळपास सगळी चर्चेस होती. १९९९ ते २००७ या काळात प्रार्थना म्हणायला आलेला एकूण एक माणूस ख्रिस्ती होता. अपील न्यायालयानं पुढे नोंदवलं की सुमारे दोन तृतीयांश प्रार्थनांमध्ये येशूचं, त्याच्या पुत्रत्वाचं किंवा पवित्र आत्म्याचं नाव होतं. क्रुसावरच्या बलिदानाचा, त्यातून मिळणाऱ्या उद्धाराचा उल्लेख काहींत होता. नगराच्या हद्दीत एक बौद्ध मंदिर होतं, ते यादीत नव्हतं. हद्द ओलांडली की रॉचेस्टर शहरात ज्यूंची सिनेगॉग होती, तीही नव्हती. ग्रीसमध्ये राहणारे ज्यू प्रार्थनेला तिथेच जात असणार, पण सूची हद्दीपाशी संपत होती.

पुढे सर्वोच्च न्यायालयात निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी सॅम्युअल अलिटो यांनी याकडे कारकुनी चूक म्हणून पाहिलं. वादींच्या म्हणण्याचा सगळा जोर शेवटी कर्मचाऱ्यांनी यादी नीट केली नाही यावर येतो, असा त्यांचा सूर आहे. लहान नगरांचा कारभार असाच ढिला असतो, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी यादी करणाऱ्यांतलीच. पण यादी हे किरकोळ काम नसतं. आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाच्या मान्यवरांची यादी गेल्या वर्षीच्या यादीवरून निघायची, ती त्याच्या आधीच्या वर्षीच्या. पहिल्या वर्षी जो राहिला तो वीस वर्षं राहिला. कुणी त्याला वगळलं नव्हतं, आणि तरी तो बाहेरच होता.

सुझन गॅलोवे आणि त्यांच्याबरोबरची दुसरी वादी या नगराच्या रहिवासी. नगराच्या प्रश्नांवर बोलायला त्या सभांना यायच्या. एक ज्यू, दुसरी देव न मानणारी. दर सभेला डोकी लववा, आपण प्रार्थना करू या, असं समोरून ऐकायचं आणि मग आपला मुद्दा मांडायला उभं राहायचं. २००७ मध्ये त्यांनी मंडळाला स्पष्ट सांगितलं की हे आम्हाला खुपतं, आणि नाना तऱ्हेच्या लोकांच्या या नगराला शोभत नाही. उत्तर मिळालं ते असं: ऐकायचं नसेल तर दुर्लक्ष करा, किंवा तेवढा वेळ बाहेर थांबा.

त्यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये दावा दाखल केला. ओरड झाल्यावर नगरानं थोडी हालचाल केली होती. २००८ च्या बारा सभांपैकी चार सभांना ख्रिस्तेतर माणसं आली. त्यांत एक ज्यू गृहस्थ होते, बहाई पंथाच्या स्थानिक मंदिराचे अध्यक्ष होते, आणि वर्तमानपत्रात वाचून आपणहून विचारणा केलेली विक्का या निसर्गपूजक पंथाची पुजारीण होती. त्यानंतर? खटल्यातली नोंद जिथे संपते तिथपर्यंतचे १८ महिने पुन्हा सगळे ख्रिस्ती धर्मगुरू. एका धर्मगुरूंनी तर भर सभेत या प्रथेला विरोध करणाऱ्यांना अल्पसंख्य आणि आपल्या देशाच्या इतिहासाबद्दल अडाणी ठरवलं. ज्यांनी तक्रार केली त्या दोघी त्याच नगरात राहत होत्या.

निकालापर्यंत

जिल्हा न्यायालयानं २०१० मध्ये नगराच्या बाजूनं निकाल दिला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो एकमतानं फिरवला. न्या. गिडो कॅलाब्रेसी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा की एखादी प्रार्थना ख्रिस्ती असणं वेगळं आणि वर्षानुवर्षं एकाच धर्माचा ठोका पडत राहणं वेगळं. बघणाऱ्याला वाटेल की नगरानंच एका धर्माची बाजू घेतली आहे. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये युक्तिवाद झाला आणि ५ मे २०१४ रोजी पाच विरुद्ध चार अशा बहुमतानं नगर जिंकलं.

बहुमताचा निकाल न्या. अँथनी केनेडी यांचा. त्यांचा पाया १९८३ चा 'मार्श विरुद्ध चेंबर्स' हा निकाल होता. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळानं पगार देऊन प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाचा एकच धर्मगुरू १६ वर्षं ठेवला होता आणि न्यायालयानं ते घटनेत बसवलं होतं. कारण इतिहासाचं दिलं: १७८९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेसनं धर्मगुरू नेमायला मंजुरी दिली आणि त्याच आठवड्यात धर्मस्वातंत्र्याच्या पहिल्या दुरुस्तीची भाषा पक्की केली. ज्यांनी ती दुरुस्ती लिहिली त्यांनाच सभागृहातली प्रार्थना खटकली नाही, मग ती दुरुस्तीच्या विरुद्ध कशी?

केनेडींचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. दोघी वादींनी मागितलं होतं ते असं की प्रार्थना असावी, पण ती सर्वसमावेशक असावी, कुठल्याही एका धर्माची नसावी, नुसत्या 'ईश्वरा'ची असावी. केनेडी म्हणतात, मग ती तशी आहे की नाही हे ठरवणार कोण? नगरानं प्रत्येक धर्मगुरूचा मजकूर आधी मागवून त्यातलं 'ख्रिस्त' खोडायचं? सरकार प्रार्थनांचं संपादन करायला लागलं तर ती धर्मातली जास्तच मोठी ढवळाढवळ. हे अगदी खरं आहे. आपल्याकडे 'सर्वधर्म प्रार्थना' म्हणून जे होतं ते आठवून बघा. चार किंवा पाच धर्मांचे प्रतिनिधी ओळीनं बसतात. ही ओळ कुणी ठरवली? आदिवासी पाड्यावरचा भगत तिथे कधी असतो? देव न मानणाऱ्यानं कुठल्या खुर्चीत बसायचं? आणि पुसून पुसून सगळ्यांना चालेल अशी केलेली प्रार्थना मनापासून प्रार्थना करणाऱ्याच्या तरी कामाची उरते का? माझी आई रोज पहाटे हरिपाठ म्हणायची. तिच्यापुढे कुणी 'ज्ञानदेव' वगळून हरिपाठ ठेवला असता तर तिनं तो बाजूला सारला असता.

पण इथून पुढे केनेडी जे म्हणतात तिथे माझी आणि त्यांची वाट वेगळी होते. ते म्हणतात, प्रार्थना मुख्यतः सदस्यांसाठी होती, लोकांसाठी नव्हे. समोर बसलेली माणसं प्रौढ होती. मन दुखावणं म्हणजे सक्ती नव्हे. मंडळानं लोकांना सामील व्हायचा हुकूम दिला असता, न होणाऱ्याला वेगळं काढलं असतं, किंवा त्यावरून कुणाचं काम अडवलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तसं काही नोंदीत नाही. (सक्तीबद्दलच्या या भागाला पाचपैकी तिघांचाच पाठिंबा होता. न्या. थॉमस आणि न्या. स्कालिया यांना यापुढे जायचं होतं: कायद्याच्या बडग्यानं केलेली तेवढीच खरी सक्ती.)

याच केनेडींनी १९९२ मध्ये 'ली विरुद्ध वाइझमन' खटल्यात शाळेच्या पदवीदान समारंभातली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली होती. तिथली प्रार्थना एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, म्हटली होती आणि ती कुणाला बोचू नये अशीच बेतलेली होती. तेव्हा त्यांना दिसलं होतं की सगळे उभे असताना एक मुलगी बसून राहू शकत नाही. मोठ्यांच्या बाबतीत मात्र त्यांना वाटलं की मोठी माणसं बसून राहू शकतात.

पाठ कुणाकडे होती

विरोधी मत न्या. एलेना केगन यांचं आहे. मी ते तीनदा वाचलं. त्या 'मार्श' निकाल मोडीत काढत नाहीत. विधिमंडळात सदस्यांनी आपसात प्रार्थना करावी, हे त्यांनाही मान्य आहे. नेब्रास्कात लोक वरच्या सज्जात बसून पाहतात, खाली कामकाजात त्यांचा भाग नसतो, आणि प्रार्थना सदस्यांकडे तोंड करून होते. ग्रीसमध्ये धर्मगुरूची पाठ मंडळाकडे होती आणि तोंड लोकांकडे. लोक किती? साधारण दहाएक, कधी त्यांत शाळेतली मुलंही. 'आपण' म्हणजे कोण, हे त्या खोलीत कुणालाच विचारावं लागत नव्हतं.

आणि ती सभा निव्वळ विधिमंडळाची नव्हती. तिथे नागरिक काहीतरी मागायला येत होते. केगन एक प्रसंग उभा करतात. एक मुस्लिम स्त्री आपल्या जागेच्या वापरात बदल मागायला मंडळापुढे आली आहे. थोड्या वेळात तिचं नाव पुकारलं जाईल. तेवढ्यात एक धर्मगुरू उभे राहतात आणि तिच्याकडे बघून म्हणतात, आपण प्रार्थना करू या, आणि प्रार्थना ख्रिस्ताची आहे. आता तिनं काय करायचं? डोकं लववलं तर आपल्या श्रद्धेशी खोटेपणा. बसून राहिली किंवा उठून बाहेर गेली, तर ज्यांच्या हातात तिचा अर्ज आहे त्याच पाच माणसांच्या डोळ्यांदेखत ती वेगळी ठरणार. केगन म्हणतात, सरकारपुढे येताना माणूस फक्त या देशाचा नागरिक म्हणून यावा, अमुक धर्माचा म्हणून नव्हे.

हे वाचताना मी थांबले. कारण ती बाई मी पाहिली होती.

बरीच वर्षं झाली. श्रावण होता. आमच्या कार्यालयात दरवर्षीप्रमाणे सत्यनारायण होता. टेबलं भिंतीला सरकवलेली, मधोमध चौरंग, चार कोपऱ्यांना केळीचे खुंट, खाली जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांवर कुणीतरी अंथरलेली सतरंजी. वर्गणी सगळ्यांनी दिली होती, कारण यादी टेबलावरून टेबलावर फिरते आणि आपलंच नाव कोरं ठेवायची हिंमत सहसा कुणाची होत नाही. लोकांची कामं त्या दिवशी दुपारनंतर, असं आदल्या दिवशी कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे व्हरांड्यात पाचसहा माणसं ताटकळत होती. त्यांत एक मावशी होती. नळजोडणीच्या अर्जासाठी ती महिनाभर खेपा घालत होती. पाणीपुरवठ्याचा अहवाल झाला होता, फक्त साहेबांची सही राहिली होती. रोज येताना ती मला 'जयभीम, ताई' म्हणायची आणि मीही म्हणायचे.

आरती झाली. मी द्रोणातून शिरा वाटत व्हरांड्यात आले. सगळ्यांना द्यायचा, कुणी राहायला नको, असंच माझ्या मनात होतं. मावशीच्या उजव्या हातात अर्ज होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. मी द्रोण पुढे केला. दारातून साहेब बघत होते, सोवळ्यातच. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, अर्ज डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं द्रोण घेतला आणि कपाळाला लावल्यासारखं केलं. सही त्या दिवशी झाली. संध्याकाळी कुलूप लावताना तो द्रोण मला कठड्याच्या मागे दिसला, शिरा तसाच, मुंग्या लागलेल्या.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा देताना जी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. हे मला तेव्हा माहीत होतं, शाळेत शिकले होते. पण द्रोण पुढे करताना आठवलं नाही. माझ्या लेखी तो शिरा होता आणि मी प्रेमानं देत होते. केनेडींच्या कसोटीवर लावलं तर तिथे सक्ती नव्हती. कुणी तिला हुकूम दिला नाही, कुणी वेगळं काढलं नाही, कुणी काम अडवलं नाही. आणि तरी त्या बाईला पाण्याच्या नळासाठी आपली प्रतिज्ञा डाव्या हातात धरावी लागली. सक्तीची नोंद कुठल्याच कागदावर उमटत नाही, कारण ज्याच्यावर ती होते तो माणूस ती झाली असं दिसू देत नाही. त्याला उद्या पुन्हा त्याच खिडकीशी यायचं असतं.

म्हणून ग्रीसच्या निकालातलं बहुमत मला चुकलेलं वाटतं. प्रार्थना ख्रिस्ती होती म्हणून नव्हे. प्रार्थना कुणापुढे आणि कोणत्या घडीला झाली, याकडे त्यांनी पाहिलं नाही म्हणून. नगरप्रमुख घरून देवाला हात जोडून आले, सदस्य सभेआधी आपल्या दालनात एकत्र प्रार्थनेला बसले, तर कुणाचं काय जातं? पण नागरिक अर्ज घेऊन समोर उभा असताना सभागृहाला त्याच्या देवाधर्माशी काही कर्तव्य असता कामा नये.

आपल्याकडे

आपल्याकडे हाच प्रश्न हात जोडण्यावरूनच उच्च न्यायालयात गेला होता. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नव्हते. शाळेनं ही बेशिस्त धरली आणि त्यांचा वरच्या वेतनश्रेणीचा लाभ अडवला. नोव्हेंबर २०१३ मध्ये, म्हणजे अमेरिकेत ग्रीसचा युक्तिवाद झाला त्याच महिन्यात, मुंबई उच्च न्यायालयानं शिक्षकांच्या बाजूनं निकाल दिला. हात न जोडणं ही बेशिस्त नव्हे आणि त्यासाठी सक्ती करता येत नाही. त्या खंडपीठात न्या. अभय ओक होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३ मार्च २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडला न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या पायाभरणीला आले तेव्हा तिथेच बोलले: न्यायालयाच्या कार्यक्रमांतली पूजाअर्चा आता थांबवू या, त्याऐवजी संविधानाच्या उद्देशिकेची प्रतिमा ठेवून तिच्यापुढे नतमस्तक होऊ या. कर्नाटकात मुख्य न्यायमूर्ती असताना आपण हे करून पाहिलं, पूर्ण थांबवता आलं नाही पण कमी करता आलं, असंही त्यांनी प्रांजळपणे सांगितलं.

उलट दिशेचा अनुभवही आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या आवारात २०१० मध्ये राज्यपाल आणि न्यायमूर्तींच्या उपस्थितीत भूमिपूजन झालं, त्याविरुद्ध जनहित याचिका आली. त्याच न्यायालयानं ती फेटाळली आणि याचिका करणाऱ्यावर २०,००० रुपयांचा खर्च बसवला. भूमिपूजन ही सर्वांच्या भल्याची कामना आहे, असा त्या निकालाचा रोख होता. करणाऱ्याच्या मनात ती कामना असतेच, याबद्दल मला शंका नाही. माझ्याही मनात शिरा वाटताना तीच होती.

संविधान सभेतल्या माणसांनी हा पेच फार नीट ओळखला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा झाली. ह. वि. कामत यांची सूचना होती की तिची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले, आम्ही कामाख्येच्या प्रदेशातले, मग देवीचं नाव का नको? पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करायची पाळी आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंनी दाखवून दिलं की जी उद्देशिका प्रत्येकाला श्रद्धेचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य देते, तिच्याच पहिल्या ओळीत सगळ्यांच्या वतीनं देवाचं नाव घालणं विसंगत आहे. कामत हटले नाहीत. मतं मोजली गेली: बाजूनं ४१, विरुद्ध ६८. विरुद्ध मत देणाऱ्यांत देव मानणारे भरपूर होते, हे त्या चर्चेत स्पष्ट दिसतं.

आणि त्याच संविधानानं शपथेच्या नमुन्यात दोन वाटा ठेवल्या: 'ईश्वरसाक्ष शपथ' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन'. मला ही तरतूद फार आवडते. इथे देवाला हद्दपार केलेलं नाही. शपथ घेणारा माणूस आपल्या तोंडानं, आपल्या जबाबदारीवर देवाला साक्ष ठेवतो, किंवा ठेवत नाही. त्याच्या वतीनं दुसरं कुणी ठेवत नाही.

ग्रीसच्या निकालानंतर ११ महिन्यांनी शेजारच्या कॅनडात उलट निकाल लागला. क्यूबेकमधल्या सागने शहराचे महापौर जाँ त्राँब्ले सभेआधी क्रुसाची खूण करून प्रार्थना म्हणत. तक्रार झाल्यावर नगरानं २००८ मध्ये नियम केला की प्रार्थना आणि कामकाज यांच्यात दोन मिनिटांचं अंतर ठेवू, ज्यांना नको त्यांनी नंतर आत यावं. १५ एप्रिल २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ही प्रार्थना एकमतानं बंद केली. ती दोन मिनिटंच त्यांना खटकली: उशिरा आत येणारा प्रत्येक माणूस आपण कोण ते सगळ्यांना दाखवत आत येतो. ग्रीसच्या दोघींना मिळालेला सल्ला हाच होता.

ग्रीसमध्ये निकालानंतर जुलै २०१४ मध्ये एका निरीश्वरवादी नागरिकानं सभेची सुरुवात करून दिली. लोकांना वाटलं, झालं, दार सगळ्यांना उघडं. मला तसं वाटत नाही. आळीपाळी लावली की दर महिन्याला कुणीतरी एक बाहेर उभा राहणारच, फक्त माणूस बदलेल. १९९९ पर्यंत त्या सभागृहात जे होतं, ते काही क्षणांचं मौन, ते कुणी परत मागितलंच नाही. वादींनी सौम्य प्रार्थना मागितली, नगरानं आपली प्रार्थना राखली, आणि न्यायालयापुढे तेवढेच दोन पर्याय राहिले.

आपल्याकडे ते मौन अजून आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या बैठकीत, नेहरूंच्या भाषणाआधी, संविधान सभा स्वातंत्र्यासाठी गेलेल्यांच्या स्मरणात दोन मिनिटं स्तब्ध उभी राहिली होती. आणि प्रत्येक नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत शोकप्रस्ताव येतो तेव्हा आजही तेच होतं. अध्यक्ष नावं वाचतात, खुर्च्या मागे सरकतात, सगळे उठतात. मी टिपणवही मिटून उभी राहायचे आणि सवयीनं सभागृहावर नजर फिरवायचे. कुणाचे ओठ हलत असायचे. कुणी छातीवर हात ठेवलेला. एक ज्येष्ठ नगरसेवक डोळे मिटून घ्यायचे, त्यांच्या शेजारच्या बाई खिडकीबाहेर बघायच्या. चहाचा ट्रे घेऊन आलेला शिपाई दारातच थांबायचा. मागच्या बाकांवर अर्ज घेऊन आलेली माणसंही उठायची, हातातले कागद हातातच धरून. दोन मिनिटांनी अध्यक्ष बसायचे, मग सगळे, आणि मी विषय क्रमांक एक वाचायला घ्यायचे.